माझ्याच मापाची अंगठी

३ जून
पोचले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी मोठी, खाट आम्हा दोघींना पुरेल एवढी. परीक्षा संपली की चिमणी येईल. लेक सोळा वर्षांची झाली तरी मला चिमणीच! दुसरी किल्ली आजच तिला पोस्टाने धाडली. खाली मालकीणबाईंचा संग्रह आहे, परक्या राजवटीच्या काळातले सोन्याचे, रत्नांचे दागिने. मी प्रत्येकाचं कार्ड लिहायचं: कस, खडा, घडवणाऱ्याचा शिक्का, शेवटी कोणी घातला. बाईंनी एकच बजावलं, अंगठी मापकाठीवर चढवायची, बोटात नाही.

५ जून
मापकाठीवरचे आकडे पार झिजलेत. आज एक अंगठी हाती आली. भोवती माणकं, मधे काच आणि काचेखाली कुणा मेलेल्याच्या तपकिरी केसांची बारीक वेणी. वीस वर्षं पेढीवर बोटात घालूनच मापं सांगितली, जित्याची खोड! घातली. अगदी माझ्याच मापाची. आता निघत नाही. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. बाईंना सांगायची लाज वाटते.

६ जून
आवाज बसलाय. काचेखालची वेणी आता काळी दिसते, त्यात एक पांढरा केस. माझ्या भांगात आहे तसाच.

८ जून
शेवटी बाईंना हात दाखवला. त्या रागावल्या नाहीत, रडल्या. माझ्या आधी कामाला होती तिनेही घातली होती म्हणे. तिची बहीण भेटायला आली, तेव्हा आपोआप निघाली. जुनं कार्ड दाखवलं. शेवटी कोणी घातली: मोठी बहीण. त्याखाली, धाकटी. दोघींपुढे फुली, मेलेल्यांची.
चिमणी आली नाही तर ही अंगठी माझ्यापाशीच थांबेल. थांबू दे.

९ जून
येऊ नकोस सांगायला चिमणीला फोन लावला. घशातून शब्दच फुटेना. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग हसून म्हणाली, आई, तूच ना? परीक्षा आजच संपली, एवढी आठवण येते तर उद्याच निघते.

१० जून
बोट काळं पडलंय. अंगठी कापताना करवतीचं पातं तुटलं. दाराला आतून कडी नाही, नुसतं कुलूप. खाट ओढून लावली. मला भीती वाटते, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी—

११ जून, सकाळ
जिन्यात तिची पावलं. अंगठी सैल—
गळाली. खाटेखालून दाराकडे घरंगळतेय. पाय उचलत नाही—
खाटेवरूनच वाकून हे पान फाडून दाराखालून सरकवते. चिमणे, अंगठीला हात लावू नकोस. परत फिर. परत—
अंगठी दाराखालून आधी बाहेर पोचली. चिमणी बाहेर हसतेय. म्हणते, आई, माझ्यासाठी? अगदी माझ्याच मापा—