पेशंटचं इथं कोण?

दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
पूर्वाई धर्मादाय रुग्णालय,
विक्रोळी (पूर्व), मुंबई.

विषय : पुरुष वॉर्डातील रुग्ण चिसोमो बांदा (राहणार मलावी, आफ्रिका, सध्या राहणार अर्जदाराची आतली खोली) यास अर्जदाराच्या हाती घरी सोडणेबाबत.

संदर्भ : "खरा नातेवाईक आणा, मग पेशंट न्या," ही नोंदणी खिडकीवरील तोंडी सूचना.

महोदय,

अर्जदार सुगंधा धम्मपाल वाघचौरे, राहणार कन्नमवार नगर, ही आपणांस सविनय कळवू इच्छिते की,

१. सदर रुग्ण हा एकवीस वर्षांचा असून औषधनिर्माणशास्त्र शिकण्यासाठी परमुलखातून येथे आला आहे. दोन वर्षांपासून तो अर्जदाराकडे भाड्याने राहतो. मुलगा गुणी आहे. खरे बोलतो. पुढील सर्व घोटाळा त्यातूनच झाला आहे.

२. त्यास ताप भरला तेव्हा त्याने शहाण्यासारखे आपले विम्याचे कार्ड काढले. कार्डावरील नंबरावर बराच वेळ बासरी वाजली. नंतर एका बाईने यादी पाठवली. त्या यादीतले सर्वांत जवळचे रुग्णालय मुलुंडला होते. रिक्षाने तेथे पोहोचल्यावर ते प्रसूतिगृह निघाले. तेथील सिस्टरने त्यास पाणी दिले, बसायला खुर्ची दिली, परंतु दाखल करून घेण्यास असमर्थता दर्शविली. तेव्हा अर्जदार त्यास आपल्या रुग्णालयाच्या दारी घेऊन आली.

३. आपल्या खिडकीवरील क्लार्कने पहिलाच प्रश्न केला, "पेशंटचं इथं कोण?" रुग्ण म्हणाला, "कोणी नाही." क्लार्क म्हणाला, "कोणी नाही म्हणजे? असं एकट्यानं आजारी पडतात होय? सही कोण करणार, गोळ्या कोण आणणार, उशाशी कोण बसणार?" अर्जदाराने सुचविले की मुलगा सज्ञान आहे, स्वतःच सही करील. त्यावर पेशंटला स्वतःचा नातेवाईक होता येत नाही, असे उत्तर मिळाले. नात्याचा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे जाईना. त्यातील यादीत चुलत सासरा होता, सावत्र मेहुणी होती. घरमालकीण नव्हती, शेजारीण नव्हती. पोराचे अंग तव्यासारखे तापले होते. अर्जदाराने बोट ठेवले ते 'मावशी'वर पडले.

४. पुरुष वॉर्डात रात्री बाईमाणसास थांबता येत नाही, असा आपला नियम आहे. म्हणून अर्जदाराचे यजमान 'काका' म्हणून गेले. त्यांची कंबर धरली, तेव्हा शेजारचे सीतारामबापू 'आजोबा, आईकडून' असे लिहून बसले. त्यांच्यानंतर समोरचा किरण गेला. त्यास तरुणपणाच्या उत्साहात 'सख्खा भाऊ' लिहिण्याची बुद्धी झाली. दारावरचे रखवालदार चंद्रप्रकाश यांनी तेव्हाच विचारले होते, "मावशी, ह्याचा अख्खा देश कन्नमवार नगरात उतरलाय काय?" तरी त्यांनी सर्वांना आत सोडले. त्यांना बोल लावू नये.

५. डेंगीच होता. पेशी उतरल्या, चढल्या, देवमाणसासारखे आपले डॉक्टर दोन वेळा येऊन पाहून गेले. रविवारी ते म्हणाले, "झकास. घेऊन जा घरी." घरी नेण्याच्या कागदावर सही करायला किरण पुढे झाला आणि सिस्टरने त्यास आईचे नाव विचारले. त्याने सांगितले, सपना. रुग्णाच्या कागदावर आईचे नाव निराळे. सख्ख्या भावंडांत दोन आया निघाल्यामुळे सिस्टरने थेट रुग्णास विचारले, "ही बाई तुझी कोण?" रुग्ण उत्तरला, "मालकीण. दर महिन्याला भाडं घेते."

६. अर्जदार त्या वेळी त्याच्या पायाला तेल चोळीत होती.

७. तेव्हापासून वॉर्डात जाण्याचे आमचे सर्व पास जप्त आहेत. बरा झालेला मुलगा आत आहे आणि त्याची बनावट मावशी दारात बाकावर आहे. अर्जदारावर वॉर्डात गाणे म्हटल्याचाही ठपका आहे. त्याबाबत खुलासा असा की, ते गाणे नव्हते. अर्जदाराची आई दळताना गायची, त्या चालीवर ओठांतल्या ओठांत आपसूक आले :

दर्यापल्याडचं पाखरू माझ्या वळचणीला आलं,
कपाळ त्याचं तापलं, माझ्या हाताला कळालं.

यात कोणास त्रास झाला असल्यास दिलगीर आहे. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी पुन्हा म्हणायला सांगितले होते, हेही नोंदवावे.

८. "खरा नातेवाईक" म्हणून आपल्या क्लार्कने काल रुग्णाच्या आईस फोन लावला. ती माउली तिच्या भाषेत बोलू लागली. क्लार्कने घाबरून फोन अर्जदाराच्या हाती दिला. तिने काही विचारले. अर्जदारास एक अक्षर कळले नाही; परंतु आईने आणखी काय विचारायचे, असे वाटून अर्जदाराने सांगितले, "जेवला हो. पेज प्याला, अर्धी भाकरी खाल्ली, बाईसाहेब काळजी नका करू." नंतर क्लार्कने फोन आत रुग्णाकडे नेला व अर्जदार काय बोलली तेही त्यास सांगितले, तेव्हा उलगडा झाला. आईने विचारले होते, "तुम्ही त्याच्या कोण?" रुग्णाने तिला अर्जदाराचे उत्तर जसेच्या तसे सांगितले. त्यावर तिने पुढे काही विचारले नाही. म्हणाली, बरं.

त्या आईचे जेवढ्याने समाधान झाले, तेवढ्याने रुग्णालयाचेही व्हावे, ही विनंती.

९. तेही होत नसल्यास पुढीलपैकी काहीही मान्य आहे. संगणकात 'इतर' नावाचे नाते टाकावे. अथवा अर्जदारास रक्तदाब व गुडघा दोन्ही असल्याने तिलाच दाखल करून घ्यावे व रुग्णास तिचा नातेवाईक म्हणून बाहेर सोडावे. तो सही करील. अथवा आपण स्वतः खाली येऊन बाकावर दोन मिनिटे बसावे आणि नाते ठरवावे. (हे वाक्य खोडावे असे अर्जदाराचे यजमान म्हणाले. खोडलेले नाही.)

भाड्याविषयी एवढेच की, ते अर्जदार घेते आणि यापुढेही घेईल. मावशीने भाडे घेऊ नये असा नियम असल्यास दाखवावा.

आपल्या दारातील बाकावरून,
आपली नम्र,
सुगंधा धम्मपाल वाघचौरे
(रुग्णाशी नाते : आपण लिहाल ते)

सोबत :
१. रुग्णाच्या आईने फोनवर पाठवलेले संमतिपत्र, छापून.
२. काका, आजोबा व सख्खा भाऊ यांचे माफीपत्र, एकत्रित.
३. डबा. हुलग्याचे माडगे आहे. हा पुरावा नाही. अर्जाचा निकाल लागायचा तेव्हा लागो, हा मात्र गरम आहे तोवर आत पाठवावा.