डाव्या हाताची गाठ

प्रिय माय,

तुझ्या मोनालीचा जय भीम. कुडव्याची खोली चांगली आहे, जेवण वेळेवर होते. तुझा गुडघा कसा आहे? हर्षा, मायले हळूहळू वाचून दाखव. फोनवर मले सांगता आलं नाही, म्हणून लिहून राहिली.

आमच्या कारखान्यात जंगलातल्या फांद्यांचा भुसा करतात, त्यात प्लास्टिक वितळवून दाराच्या फळ्या बनवतात. त्याले उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही. तुझ्या न्हाणीले असंच दार लावून देईन.

सोमवारी फांद्यांच्या ट्रकात एक मोळी आली, पळसाच्या मुळीच्या वाकाच्या दोरीनं बांधलेली. गाठ डाव्या हाताची. तशी गाठ आपल्या गावात, चोरखमाऱ्यात, तुझ्याशिवाय कोण मारते? मी थांबली, तर सुपरवायझर ओरडला, "क्या देख रही है? कचरा है, डाल!" माझ्या मायची आहे, एवढं म्हणायची लाज वाटली. मोळी मशीनमध्ये टाकली.

सांजच्याले तुझा फोन आला. तू पाणी प्यायले तलावात उतरली, तेवढ्यात सडकेवरची मोळी कोणीतरी उचलून नेली म्हणे. त्या दिवशी चूल कायनं पेटवली, माय?

"चोराचे हात झडोत," तू म्हणली.

मीबी म्हटलं, "झडोत."

तुझीच,
मोनाली