धाकटीनं सोडलं तर

दि. ६ मार्च

चि. पिलूस थोरल्या आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाबद्दलचं पत्र मिळालं. शिलाईचं मशीन थांबवून वाचलं. तुझ्या त्या पुस्तकात न्यायाचे नियम ठरवायला सगळे एकत्र बसतात, आपण गरीब निघू की श्रीमंत हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून कुणी कुणाला फसवत नाही. इथवर छान. पण बसणारे सगळे धडधाकट, कमावते. आपल्या धाकटीसारख्यांचं नंतर बघू म्हणे. अगं, आधी कापड कापायचं आणि मग माप घ्यायचं, असं कुठं असतं का?

इथलं काय सांगू. माझा खांदा गेलाय. धाकटी बहीण पन्नाशीची, जन्मापासून बोलत नाही. उठवायची मी, न्हाऊ घालायची मी. डॉक्टर म्हणतात आराम करा, जसा काही तो खुंटीलाच टांगलाय. तुझा बाबा फोनवर म्हणतो, अशा माणसांना सांभाळणाऱ्या निवासात ठेव, मी लांबून कुठं पुरणार. निवासाच्या बाईंना महिनाअखेर कळवायचंय. शिणले गं. हो म्हणून टाकावंसं वाटतं.

दुकानात मात्र तिचा दरारा तसाच. शिवलेला कपडा मांडीवर घेते, एकेका बटणावरून अंगठा फिरवते, टाका सैल लागला की धरून बसते. धाकटीनं सोडल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाला जात नाही, तुला ठाऊकच आहे. परवा नवरदेवाचा कोट अडवला, तो बिचारा बनियनवर ताटकळला.

वेळेवर जेव. लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी थोरली आत्या

दि. ११ मार्च

ती. थोरल्या आत्यास सा. न. वि. वि.

तुझं कापडाचं वाक्य सरांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, आक्षेप जुना आहे, पुढचं बोला. पुढचं बोलायचं त्राण माझ्यातही नाही, पण ते असं: काहीजण म्हणतात, सांभाळणाऱ्यालाही कुणीतरी सांभाळलं पाहिजे, आणि ते कुणाच्या मायेवर सोडायचं नाही, न्यायातच धरायचं.

रागावू नकोस, पण तुझ्या पत्रात डॉक्टरांचं म्हणणं आहे, बाबांचं आहे, निवासाच्या बाईंचं आहे. धाकट्या आत्याचं कुठंय? आपणही तिला नंतरवरच ठेवलं की. कळवण्याआधी तिला एकदा तिथं नेऊन आण.

मायेचा टाका असाच घट्ट असू दे.

तुझी पिलू

दि. १९ मार्च

चि. पिलूस आशीर्वाद.

रागावले होते. भांडी घासताना दोन दिवस तुझ्याशी भांडले. मग तिला घेऊन गेले.

जागा वाईट नाही गं. खोल्या स्वच्छ, खिडक्या मोठ्या, बाई शांत. तिथल्या एका म्हातारीच्या स्वेटरचं बटण लोंबत होतं. धाकटीनं जे धरलं! बाई सोडवायला धावल्या, म्हातारी खुदुखुदू हसत बसली. शेवटी पर्समधली सुई काढून मी तिथंच टाके घातले. धाकटीनं अंगठा फिरवला आणि सोडलं. दोघी मग शेजारी बसून राहिल्या, जुन्या मैत्रिणी असाव्यात तशा.

मला वाटलं, झालं, रमली. निघायला उठले, तर तिनं माझ्या बाहीचं बटण पकडलं. मी ओढून पाहिलं. बटण घट्ट होतं, पिलू. तरी तिनं सोडलं नाही.

बाईंना सांगितलं, कायमची ठेवणार नाही. दुपारपुरती आणेन, म्हातारीपाशी बसेल. खांदा काही त्यानं बरा होत नाही. म्हणून तुझ्या बाबाला सांग, दर शनिवार-रविवार इथं यायचं आणि तिला न्हाऊ घालायला शिकायचं. ही विनंती नाही म्हणावं, वाटणी आहे. कुरकुरला तर तुझ्या पुस्तकातलं ऐकव, तेवढ्यासाठी तरी ते उपयोगी पडू दे.

आता पाठ टेकते. जशी आहे तशी तुमची आहे, विसरू नका.

तुझी थोरली आत्या

ता. क. हे पाकिटाच्या पाठीवर लिहितेय. चिकटवून ते धाकटीच्या हातात दिलं. कडेनं अंगठा फिरवला, बराच वेळ. मग सोडलं. म्हणून पेटीत टाकते आहे.