सोनाबाई ‘गो’ म्हणत नाही

सोलापूर, १२ जानेवारी १९३४

ती. अक्काच्या चरणी द्वारकेचा दंडवत.

गोधडी पोचली. खोकला आहे, पण बेताचा. तुझे डोळे कसे आहेत?

मी शिकवते त्या वर्गातल्या विधवा सोनाबाईला काल इथल्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी घेतले. नाहीतर दीर तिला गावी न्यायला टपलाच होता.

तिच्याकडून इंग्रजी ‘गो’चे सगळे अर्थ घोटून घेतले होते. गाडी जाते, रंग उडतो, दूध नासते, सगळे बिनचूक म्हणायची. माणसापाशी मात्र अडायची.

“बाई, मानसाला ‘जातो’ म्हनू नये की. ‘येतो’ म्हनावं.”

“सोना, हे इंग्रजी आहे!”

काल मुलाखतीत दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, रोगी बरा होऊन घरी निघाला, तर इंग्रजीत काय म्हणशील? ही ठणकावून म्हणाली, ‘कम’. मी कपाळाला हात लावला. त्यांनी कारण विचारले.

“दवाखान्यात ‘जातो’ म्हटलं की घरची मानसं रडाय लागत्यात.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सोमवारपासून यायला सांगितले.

परतताना मी बजावले, परीक्षेत तरी ‘गो’च लिही.

“लिवीन की बाई. पर बोलनार न्हाय.”

मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
द्वारका