उजव्या बटणाचं दुखणं

प्रिय चेतना, माझ्या बंगारा, माझ्या सोन्या,

अज्जीच्या हाताचं पत्र बघून घाबरू नकोस. हितं सगळी धडधाकट हायत. तुझ्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, पण थंडी पडली की तो कुरकुरतोच. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. मला फोनवर हळू बोलता येत न्हाय, ठाऊक हाय की तुला. मी बोलले की पलीकडच्या गल्लीला कळतं, आणि ही गोष्ट तुझ्या अप्पाच्या कानावर जायला नको. म्हणून तो कारखान्याला गेला की मी लिहायला बसते आणि तो यायच्या वेळेला कागद उशीखाली सारते. अक्षर लावून लावून वाच. मी चौथीपर्यंत शिकले, ती बी निम्मी कन्नड शाळेत.

आधी आनंदाची बातमी देते, न्हायतर पत्रभर तक्रारीच वाचशील. तुझ्या त्या कांप्युटरचं उजवं बटण चालू झालं. व्हय, झालं. ज्याच्यापायी मी, तू, शेजारच्या पद्मजाबाई आणि दुकानवाला बसवराज, सगळ्यांनी डोकं फोडून घेतलं, तेच. आता चित्रावर बाण नेऊन दाबलं की यादी कशी टपकन उघडती. सकाळी चहा झाला की मी एकदा उघडून बघते, काम नसलं तरी. लई बरं वाटतं बघ.

तुला मी फोनवर म्हणलं होतं की तू नक्षी काढलेल्या चादरीचं चित्र मला उशाशी ठेवायला पाहिजे. ते काय खरं नव्हतं. ते तुझ्या अप्पाला दाखवायचं होतं. तू अहमदाबादच्या कंपनीत नक्षी काढायला गेलीस तेव्हापासून तुमी दोघं बोलत न्हाईत. घरातला फोन वाजला आणि चुकून त्यानं उचलला, तर तुझा आवाज ऐकून गरम तवा धरल्यासारखा माझ्या हातात देतो. भांडण झालं त्या दिवशी मी भाकरी थापत होते, सगळं ऐकलंय. तो म्हणला, नक्षी काढण्यात माझा जन्म गेला तेवढा बास, तू बँकेची परीक्षा दे. तू म्हणलीस, अप्पा, तुमचं काम मला हलकं वाटत न्हाय, तुमचं तुमालाच वाटतंय. माझी भाकरी करपली तिकडं. तुझं खरं होतं ग, पण काही खरं असं उपाशी माणसाला सांगू नये.

आता त्याची रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी काढणार, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं पडणार, मग माग चालणार. कारखान्यात आता सगळं पडद्यावर करतात, तरी ह्याचं आधी कागदावर उतरल्याशिवाय डोकं चालत न्हाय. तुझ्या कंपनीनं तुझी चादर त्यांच्या इंटरनेटच्या पानावर लावली, ज्वारीच्या कणसांची किनार आणि मधी दाणे टिपणाऱ्या चिमण्या, तेव्हा मी लेकाला म्हणलं, वीरभद्रा, ये, जरा बघ. तो म्हणला, अव्वा, मला चष्म्याशिवाय दिसत न्हाय, आणि उठून गेला. चष्मा नाकावरच होता. तेव्हाच मी ठरवलं की ह्याच्या हातात कागद ठेवायचा. कागद हातात आला की त्याला बघितल्याशिवाय राहवत न्हाय. तू कुरिअरनं पाठवते म्हणलीस, पण तुझ्या नावाचं पाकीट तो न फोडता तुझ्या आईकडं देतो, मग त्याचा काय उपयोग.

तर चित्र उतरवून घ्यायला तू सांगितलंस तसं मी केलं. चित्रावर बाण नेला, उजवं बटण दाबलं. काय न्हाय. परत दाबलं. काय न्हाय. तू म्हणलीस बंद करून चालू करा. केलं. वर ती पिवळी पट्टी हायच, की हा ब्राउझर जुना झालाय, नवा घ्या. नवा घ्यायला गेलं तर तोच सांगतो की नवा ह्या कांप्युटरवर चालणार न्हाय. म्हणजे सुनेला म्हणायचं स्वयंपाक शीक, आणि चुलीजवळ येऊ द्यायचं न्हाय. मला असा राग आला की त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं दोन दिवस, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं.

मग पद्मजाबाई आल्या. बाई शाळेत कांप्युटर शिकवतात, तोऱ्यात बसल्या. म्हणल्या, अज्जी, ह्यात कचरा लई साठलाय, पुसून काढते. त्यांनी असा काय पुसला की तुझं पानच गायब झालं. परत तुला फोन, परत तू एकेक अक्षर सांगणार आणि मी एका बोटानं शोधणार. पान सापडलं, बटण तिथंच. बाई म्हणल्या, थांबा, मी मोबाईलनं पडद्याचा फोटो काढते. काढला, छापून बी आणला. त्यात चिमण्यांवर ट्यूबलाईट पडलेली आणि कणसांवर आडव्या रेघा. तरी मी तो तुझ्या अप्पाच्या चहाच्या कपाजवळ ठेवला. त्यानं बघितला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणला, ह्यात घरं मोजता येत न्हाईत. बघ, मोजायला बघितली त्यानं. माझ्या मनात तेव्हाच दिवा लागला, पण बटण बसलं होतं मेल्यासारखं, तर करू काय.

शेवटी तो डबा रिक्षात मांडीवर घेऊन मी बसवराजच्या दुकानात गेले. कांप्युटर नेला, बाकीचं घरीच ठेवलं, रिक्षात मावायला नको का. त्यानं आपल्या वायरी जोडल्या, तुझं पान काढलं, म्हणला, अज्जी, उघडतीय की यादी. मी बघितलं, खरंच उघडत होती. मी म्हणलं, मग आत्ताच ते चित्र काढून दे, तर नेमकी लाईट गेली. त्या भागात दुपारी जाती म्हणं. वाट बघून बघून त्याचं दुकान बंद करायची वेळ झाली. वर मला शिकवतोय, तुमचं बोट नीट पडत नसंल, आणि आता ब्राउझरचं वय झालंय, नवा संच घ्या. मी म्हणलं, वय माझंबी झालंय, मला कशात बदलून देतोस. हसला आणि चहा पाजला. चहा पचला, पण बोट नीट पडत न्हाय हे काय पचलं न्हाय. ह्या बोटानं मी आयुष्यभर शेंगा फोडल्यात.

घरी आले, डबा जोडला, बटण दाबलं. परत काय न्हाय. दुकानात चालतं आणि घरात चालत न्हाय. मी रडायच्या बेतात होते, चेतू. रागानं तो माऊस टेबलावर आपटला. आपटल्यावर त्याच्या फटीतनं पांढरी कपची पडली. बोटात धरून चुरली. विभूती.

आता हसू नकोस. खांडेनवमीला आपल्यात अवजारांची पूजा असती की. तुझ्या अप्पाची पट्टी, पेन्सिली, कात्री, तुझ्या आईचं शिलाई मशीन, सगळं पुसून मांडलं. म्हणलं पोरगी लांब हाय तर तिच्या अवजाराची पूजा कोण करणार. तुझ्या माऊसला चांगली भिजवून विभूतीची तीन बोटं ओढली. आणि उजवी बाजू मानाची म्हणून तिकडं जरा जास्तच लावली, वर कुंकू, वर अक्षता. ते सगळं फटीत उतरून गिलाव्यासारखं वाळलं. मी ब्राउझरला शिव्या देतेय, तू देतेयस, बाई त्याचा कचरा काढतायत, आणि त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा न्हाय. दुकानात चाललं, कारण तिथं माऊस बसवराजचा होता. केसातला आकडा काढला आणि बसले कोरत. पापुद्रा निघाला, त्याच्यामागं तांदळाचा दाणा. दाबलं, तर यादी उघडली. मी एवढ्या जोरात ओरडले की तुझी आई पिठाच्या हातानं पळत आली, तिला वाटलं पडले. पद्मजाबाईंना मी कारण सांगितलं न्हाय. त्या शाळेत सांगतील.

चित्र पेन ड्राइव्हवर घालून द्यायला मात्र बाईच आल्या, तेवढं माझ्याच्यानं होईना. झेरॉक्सवाल्याकडनं चांगल्या जाड कागदावर मोठं छापून आणलं आणि परत चहाच्या कपाजवळ ठेवलं. तुझ्या अप्पानं कागद उचलला, आडवा केला, उभा केला, खिडकीपाशी नेला. चहावर साय धरली. मग घडी न घालता कारखान्याच्या पिशवीत घातला. संध्याकाळी येताना चौकटीचा कोरा कागद घेऊन आला. तेव्हापासून रोज जेवण झालं की बसतो. चिमण्या झाल्या, कणसांची लांबीची किनार झाली. मी पाणी द्यायच्या निमित्तानं बघून येते. चिमण्यांच्या चोची तुझ्यापेक्षा थोड्या टोकदार काढल्यात, तेवढं चालवून घे.

आणि आता अडलाय. तुझ्या चित्रात चादर घडी घालून ठेवलीय, तिचा कोपरा आत दडलाय. लांबीची कणसं आणि रुंदीची कणसं कोपऱ्यात एकमेकींना कशी भेटतात, ते दिसत न्हाय. त्यानं चार तऱ्हेनं काढून बघितलं आणि चारी वेळा खोडलं. काल जेवताना ताटात बघतच म्हणला, चेतनानं कोपऱ्यात कणीस वळवलंय का तोडलंय कुणास ठाऊक. तू गेल्यापासून पहिल्यांदा तुझं नाव त्याच्या तोंडात आलं. तुझी आई घास तोंडात घ्यायची थांबली. मी म्हणलं, मला काय कळतंय, तिला विचार. तर म्हणला, तूच विचार अव्वा, मी विचारलं म्हणून सांगू नकोस. म्हणून हे पत्र. पण मला उत्तर पाठवू नकोस, मला वळवलेलं आणि तोडलेलं सारखंच दिसणार. रविवारी दुपारी घरच्या फोनवर कर. त्या दिवशी मी तुझ्या आईला घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात जाते, फोन त्याच्या कागदाजवळ ठेवून. घरात दुसरं कुणी नसंल, त्यामुळं त्याला तो दुसऱ्याच्या हातात देता येणार न्हाय. उचलल्यावर बाकी काय काढू नकोस, सरळ कोपऱ्याचं सांग. त्यानं उलटं काही विचारलं तर तेही सांग. आमी तळ्याकाठी दिवस मावळेपर्यंत बसतो.

तुझीच, रविवारची वाट बघणारी,
चन्नम्मा अज्जी