तोंडावरचं फडकं

वसमत, ता. ८ नोव्हेंबर १९९८

चि. रत्नपाल यास जनकाअक्काचा आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या कारखान्याच्या वसाहतीतल्या बालवाडीच्या बाई म्हणतात, कामं करता करता लेकराशी बोलावं, स्वयंपाकघर हीच शाळा. त्यांना एकदा माझ्या ओल्या लाकडांच्या चुलीशी बसव, म्हणजे शाळेत धूर किती असतो ते कळेल.

तरी करते आहे. मीठ म्हटलं की तुझी आकांक्षा मीठ आणते. लहान वाटी म्हटलं की लहानच देते. बरोबर आणलं की मी गुळाचा खडा देते. पण चार वर्षांची होत आली, तोंडातून शब्द नाही. शेजारची शालूबाई म्हणते, बिनमायचं लेकरू उशिरानंच बोलतं, काहून घाई करून राहिलीस. मला मात्र झोप नाही. नांदेडच्या डॉक्टरला दाखवू का?

लोभ आहेच, पत्राच्या उशिरानं तो आटू देऊ नकोस.
तुझी अक्का

नाशिक, ता. २० नोव्हेंबर १९९८

ती. अक्कास रत्नपालचा सविनय जयभीम. वि. वि.

डॉक्टर कशाला? सांगितलेलं सगळं आणते, म्हणजे ऐकू बराबर येतं. आज ना उद्या बोलेल. तू धडे वाढव. जूनमध्ये तिला इथल्या बालवाडीत घालायचं ठरवलंय. प्रवेशाला स्वतःचं नाव तेवढं सांगता आलं पाहिजे. तिची आई गेल्यापासून लेकरू तुझ्या पदरात टाकलं, आता मला तिच्याजवळ राहायचंय. खोलीत तिच्या उंचीवर दप्तराची खुंटीसुद्धा ठोकली.

आमच्यावरची माया अशीच ठेव.
रत्नपाल

वसमत, ता. २२ एप्रिल १९९९

चि. रत्नपाल यास आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

हे पत्र बसून वाच. परवा आपली हळद पॉलिशला होती. धूळ फार, म्हणून मी तोंडाला फडकं बांधलं होतं. पॉलिशचा फिरता ड्रम थांबल्यावर आकांक्षाला सूप मागितलं. ती उभीच. चाळणी मागितली, तांब्या मागितला, न्हाईच. मी ओरडले. ती जवळ आली आणि तिनं माझं फडकं खाली ओढलं. मी पुन्हा सूप म्हटलं, आपल्या सवयीनं हनुवटी सुपाकडे केली, आणि ती पळत जाऊन घेऊन आली. मग मी मुद्दाम तिच्या पाठीमागे परात आपटली. तिनं मान वळवली नाही.

काल नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासून ऐकू येत नाही. कानातल्या यंत्राचाही फारसा उपयोग नाही, फार उशीर केलात. इतके दिवस ती माझं तोंड बघून शिकत होती आणि मी तुला कौतुकानं लिहीत होते.

काय करायचं ते कळव.
अक्का

नाशिक, ता. ५ मे १९९९

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

डॉक्टर नको असं मीच लिहिलं होतं. बालवाडीत विचारून आलो, अशी मुलं घेत नाहीत. मुक्यांच्या शाळेत जागा नाही. कारखान्यात माझ्या पाळ्या, तिला खोलीत कुणाजवळ ठेवू? तिला तिथंच राहू दे. खुंटी काढली नाही, पण तिकडे बघवत नाही.

माझ्यावर रागाव, पण तिच्यावरची माया कमी करू नको.
रत्नपाल

वसमत, ता. १६ मे १९९९

चि. रत्नपाल यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचताना मला रडू फुटलं. आकांक्षा समोर बसून निरखत होती. तिनं माझ्यासारखेच ओठ दाबले, तोंड वाकडं केलं, कोरडेच डोळे पुसले. मग नेहमीसारखा गुळासाठी हात पुढे केला.

मी दिला.

तुझीच,
अक्का