पाठमोरी खुर्ची

शनिवार, १३ जानेवारी २०१८, डहाणू

आज फुटबॉलची फायनल जिंकलो. तळासरीच्या मुलींना एक-शून्यने हरवलं! आणि तो एक गोल मी बघितलाच नाही.

दोन महिने एकच गोष्ट खटकत होती. माझ्या टीममधल्या मुली बॉल पायात आला की आधी माझ्याकडे बघायच्या, मग मारायच्या. तेवढ्यात समोरची बॉल घेऊन पसार. वरोरची सुनीता तर सगळ्यात जास्त बघायची. मी बाजूने ओरडत राहायचो, "घाबरू नका!" आता वाटतं, घाबरवत मीच होतो का?

काल सुनीताच धीर करून म्हणाली, "सर, उद्या तुम्ही आमच्याकडे बघूच नका ना." असा राग आला! कोच मी, आणि मीच बघायचं नाही? पण सकाळी शाळेची प्लास्टिकची खुर्ची फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून, चिकूच्या झाडांकडे बघत बसलो.

बराच वेळ मागून नुसते बॉलचे आणि धावणाऱ्या पायांचे आवाज. मग सुनीताचा आवाज, "इकडे दे! मी आहे!" ही मुलगी मैदानात बोलते? खुर्चीचे हात घट्ट धरले, पण वळलो नाही. आणि एकदम आरडाओरडा. अकराच्या अकरा जणी येऊन माझ्यावर आदळल्या. खुर्चीचा पाय मोडला. मोडू दे.

जेवताना तो गोल बायकोला तिसऱ्यांदा सांगितला. सुनीताने, डाव्या पायाने, कुणाकडेही न बघता, थेट कोपऱ्यात! बायको म्हणाली, "अहो, पण तुम्ही बघितलात कुठे?"

नाही ना बघितला! तेच तर सांगतोय मी तिला.